15,000 रुपयांत पाच जणांची सहल : दिवाळीनंतर कोठे जावे?

नाशिककर सूनबाई (प्रश्न)

नमस्कार. आम्ही घरात पाच जण आहोत. मी, यजमान, 68 वर्षांच्या सासूबाई, 14 वर्षांची मुलगी आणि 9 वर्षांचा मुलगा. गेली तीन वर्षे या ना त्या कारणाने आम्ही कोठेही बाहेर पडलेलो नाही. एका वर्षी घराच्या गळतीचे काम निघाले, दुसऱ्या वर्षी सासूबाईंच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि गेल्या वर्षी मुलीच्या शिकवणीची फी एकरकमी भरावी लागली. यंदा मात्र दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकून मी 15,000 रुपये जमवले आहेत. भाऊबीज झाल्यानंतरच्या आठवड्यात तीन मुक्कामांची सहल करावी, असा विचार आहे. ही रक्कम वाढणार नाही आणि सहलीसाठी कर्ज किंवा हप्ते करायचे नाहीत, हे आम्ही दोघांनी आधीच ठरवले आहे.

एका सहल कंपनीकडे चौकशी केली, तेव्हा महाबळेश्वरच्या तीन दिवसांसाठी माणशी जो आकडा सांगितला गेला, त्यात आमचे दोन जणही बसले नसते. मुलांना समुद्र पाहायचा आहे, सासूबाईंना एखादे देवदर्शन घडावे असे वाटते आणि यजमानांचे म्हणणे एवढेच आहे की सहलीवरून परतल्यावर आणखी दोन दिवस विश्रांती घ्यावी लागू नये. आमच्याकडे चारचाकी नाही. सासूबाई सपाटीवर बऱ्यापैकी चालतात, पायऱ्या मात्र थांबत थांबत चढतात.

या पैशांत पाच जणांची सहल व्यवस्थित होऊ शकते का, आणि होत असेल तर कोणत्या बाबतीत हात आखडता घ्यावा व कोणत्या बाबतीत घेऊ नये, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. ‘जवळच एखाद्या बागेत जाऊन या’ असे उत्तर कृपया देऊ नये, कारण ते आम्ही तीन वर्षे करत आहोत.

निवृत्त वाहक

ताई, मी एसटीत वाहक म्हणून तीस वर्षे काढली आहेत, त्यामुळे ठिकाणाऐवजी तिकिटाविषयी बोलतो. तुमच्या कुटुंबाची रचना एसटीच्या दृष्टीने फार सोयीची आहे. 17 मार्च 2023 पासून महामंडळाच्या सर्व प्रकारच्या गाड्यांत महिलांना निम्मे भाडे आहे. म्हणजे तुम्ही, सासूबाई आणि मुलगी अशी तीन अर्धी तिकिटे झाली. मुलगा बारा वर्षांच्या आतला असल्यामुळे त्याचेही अर्धेच तिकीट लागते. पूर्ण भाडे एकट्या यजमानांचे. पाच माणसे तीन तिकिटांच्या पैशांत प्रवास करतात, असे समजा. खासगी गाडीवाला दिवाळीच्या आठवड्यात काय भाव सांगतो, ते तुम्ही नाशिककर मंडळी माझ्यापेक्षा जास्त जाणता.

सासूबाईंच्या बाबतीत एक गैरसमज नेहमी होतो, तो आधीच दूर करतो. ज्येष्ठांची सवलत 65 ते 75 या वयात निम्म्या भाड्याची आहे आणि 75 पूर्ण झाल्यावर प्रवास मोफत होतो. परंतु महिला म्हणून निम्मे आणि ज्येष्ठ म्हणून त्याचेही निम्मे, असा दुहेरी हिशेब होत नाही. माझ्या गाडीत या एका मुद्द्यावरून कितीतरी वेळा वाद झाले आहेत आणि एकदा तर एका आजोबांनी गाडी थांबवून आगारप्रमुखांना बोलवा म्हणून हट्ट धरला होता. ओळखपत्र मात्र जवळ ठेवावे, आणि ते पिशवीच्या तळाशी ठेवू नये. आणखी एक गोष्ट म्हणजे ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच आहे. गोव्याला किंवा गुजरातेत गेलात, तर हद्दीपलीकडच्या टप्प्याचे पूर्ण भाडे पडते.

‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास बरेच जण सुचवतील. पास चांगला आहे, पण तो काढण्याआधी बेरीज करून पाहावी. ज्यांचे तिकीट मुळातच निम्मे आहे, त्यांना तो पास बहुधा परवडत नाही. रोज लांबचा पल्ला असेल, तर फार तर यजमानांपुरता त्याचा विचार करावा. जानेवारी 2025 मध्ये भाडेवाढ झाली, तेव्हापासून लोक एसटी महाग झाली म्हणतात आणि ते खोटे नाही. पण चार अर्धी तिकिटे असलेल्या घराने एसटी सोडून दुसऱ्या वाहनाकडे वळण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

शेवटी मुक्कामांविषयी. रोज गाव बदलू नका. बिऱ्हाड एका ठिकाणी ठेवून तेथून सकाळी जावे व संध्याकाळी परतावे. गाव बदलले की सामानासाठी रिक्षा लागते, खोली मिळेपर्यंतचा चहा-नाश्ता बाहेर होतो आणि अर्धा दिवस बुडतो. माझ्या गाडीत जे प्रवासी सर्वांत वैतागलेले असायचे, ते चार दिवसांत चार गावे करणारे असायचे.

तारकर्लीचा यजमान

मुलांना समुद्र पाहायचा आहे, असे वाचले म्हणून लिहीत आहे. आमच्या घराच्या तीन खोल्या आम्ही पर्यटकांना राहण्या-जेवणासह देतो. त्यामुळे ‘अवश्य या’ असे मी लिहावे, ही माझ्या धंद्याची गरज आहे. तरीही तुम्ही सांगितलेल्या आठवड्यात आणि सांगितलेल्या रकमेत येऊ नका, असेच मी म्हणेन.

पहिले कारण अंतराचे आहे. नाशिकरोडवरून कोकण रेल्वेमार्गाने जाणारी मंगला एक्सप्रेस आहे, पण ती दिल्लीकडून येते आणि सणाच्या दिवसांत तिची आरक्षणे केव्हाच संपलेली असतात. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचे आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी खुले होते. ते 60 दिवस तुमच्या हातून निघून गेले असणार. उरला कल्याण किंवा पनवेलला गाडी बदलण्याचा मार्ग. सासूबाई आणि सामान घेऊन तो करायचा, तर जाण्यात एक आणि येण्यात एक असे दोन दिवस जातील व तीन मुक्कामांच्या सहलीत समुद्रासाठी दीड दिवस उरेल.

दुसरे कारण भावाचे. दिवाळीनंतरचे दहा दिवस आणि नाताळ ते 1 जानेवारी या काळात आमच्याकडे खोलीला जो दर मिळतो, त्याच्या जवळजवळ निम्म्या दरात तीच खोली, तीच गादी आणि तोच समुद्र जानेवारीच्या उत्तरार्धात, सोमवार ते गुरुवार या दिवसांत मिळतो. हे कोणी पाटीवर लिहीत नाही, पण फोनवर विचारले की सांगतात. माशांचेही तसेच आहे. पर्यटक आले की सुरमई आणि पापलेटच मागतात आणि मग थाळी महाग म्हणून कुरकुर करतात. आम्ही घरात बांगडा खातो. बांगड्याची थाळी मागा, निम्म्या पैशांत पोट भरेल आणि चवीला काहीही कमी पडणार नाही.

पुढे कधी याल, तेव्हा एक सावधगिरी बाळगा. संकेतस्थळावर फोटो पाहून अनोळखी क्रमांकावर पूर्ण रक्कम आगाऊ पाठवू नका. गेल्या हंगामात एक कुटुंब रात्री नऊ वाजता आमच्या दारात उभे राहिले. त्यांनी ज्या ‘समुद्राला लागून’ असलेल्या घराचे पैसे भरले होते, ते घर वाडीत कोणालाच ठाऊक नव्हते. व्हिडिओ कॉल करून खोली आणि अंगण दाखवायला सांगा. खरा यजमान असेल, तर तो चालता चालता विहीरही दाखवील.

मुलांना सांगा, सिंधुदुर्ग किल्ला 1664 पासून पाण्यात उभा आहे, तो आणखी एक वर्ष वाट पाहील.

शेगाव वारीतला

सासूबाईंच्या देवदर्शनासाठी शेगावचा विचार करावा. नाशिकरोडहून भुसावळमार्गे जाणाऱ्या अनेक गाड्या शेगावला थांबतात, संस्थानाच्या भक्तनिवासांतील खोल्या माफक दरात मिळतात आणि महाप्रसाद विनामूल्य असतो. तेथील स्वच्छता पाहून आपल्याच घरातील मोरीची लाज वाटते, एवढेच सांगतो. मुलांसाठी बुलढाणा जिल्ह्यातच लोणारचे सरोवर आहे. उल्का आदळून काळ्या खडकात तयार झालेले ते विवर काठावरून पाहताना नऊ वर्षांचा मुलगाही गप्प होतो. मात्र शेगावहून लोणार जवळ नाही, त्यासाठी पूर्ण दिवस राखावा लागेल.

एक गोष्ट मनापासून सांगतो, राग मानू नये. अलीकडे अनेक जण भक्तनिवास म्हणजे स्वस्तातला लॉज असे समजून येतात, दर्शन न घेताच फिरायला निघतात आणि रात्री उशिरा परतून दार उघडत नाही म्हणून भांडतात. खोल्या गर्दीच्या दिवशी मिळतीलच असेही नाही. दर्शनाची ओढ असेल, तर जरूर जावे. केवळ पैसे वाचवण्यासाठी देवस्थानाचा आसरा घेऊ नये, असे माझे मत आहे.

नाशिककर सूनबाई

सर्वांचे आभार. तारकर्लीच्या दादांनी स्वतःचे गिऱ्हाईक स्वतःच परत पाठवले, हे यजमानांना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी जानेवारी 2027 मध्ये समुद्राला जायचे असे तेथल्या तेथे जाहीर केले. शेगावचा मुद्दाही पटला, परंतु सासूबाईंचे म्हणणे असे पडले की दर्शनाला स्वतंत्र यावे, त्याला सहल जोडू नये. तेव्हा समुद्र आणि शेगाव दोन्ही बाजूला ठेवून नाशिकहून चार-पाच तासांत पोहोचता येईल, एकाच ठिकाणी मुक्काम करता येईल आणि मुलांना खरोखर काही पाहायला मिळेल, असे ठिकाण कोणते?

औरंगपुऱ्यातला

आता माझी पाळी आली. छत्रपती संभाजीनगरला या. मी याच शहरात जन्मलो आहे, त्यामुळे पक्षपात गृहीत धरावा, पण हिशेब पक्षपाती नाही.

नाशिकरोडहून सकाळची तपोवन एक्सप्रेस पकडली, की दुपारपर्यंत तुम्ही येथे असता. बसण्याच्या आरक्षित डब्याचे तिकीट माणशी शंभर रुपयांच्या आसपास पडते. म्हणजे वाहककाका रागावणार नसतील, तर सांगतो की या एका टप्प्यावर रेल्वे एसटीच्या अर्ध्या तिकिटापेक्षाही स्वस्त आहे. रेल्वेतील ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली, त्यामुळे सासूबाईंनाही पूर्ण तिकीट लागेल. आजच आरक्षण पाहा. मिळाले नाही, तर एसटी आहेच.

आता वार नीट लक्षात घ्या, कारण येथे अर्धे पर्यटक वारांमुळेच फसतात. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. दरवर्षी मंगळवारी सकाळी वेरूळच्या बंद दरवाजासमोर हिरमुसलेली कुटुंबे पाहायला मिळतात. तुम्ही भाऊबीजेनंतरच्या सोमवारी निघा. शनिवार-रविवारची गर्दी तोवर ओसरलेली असते आणि लॉजवाले बोलायच्या मनःस्थितीत असतात. सोमवारी दुपारी पोहोचून विश्रांती घ्या, मंगळवारी अजिंठा, बुधवारी वेरूळ आणि गुरुवारी सकाळी बीबी का मकबरा पाहून दुपारी परत.

लेण्यांचे प्रवेश तिकीट भारतीयांना माणशी 40 रुपये आहे आणि 15 वर्षांखालील मुलांना ते लागतच नाही. तुमची मुलगी 14 वर्षांची आहे. जागतिक वारसा असलेली दोन ठिकाणे पाच माणसांनी 240 रुपयांत पाहावीत, याहून स्वस्त काय असणार? एखाद्या वॉटर पार्कमध्ये एका माणसाचे तेवढ्यात भागत नाही. बाहेरची मंडळी येतात, गाडी ठरवतात आणि एका दिवसात दोन्ही लेणी ‘करून टाकतात’. मला ते कधीच समजलेले नाही.

अजिंठा शहरापासून सुमारे 100 किलोमीटर आहे. मध्यवर्ती बसस्थानकावरून जळगावकडे जाणाऱ्या गाडीत सकाळी सातच्या आत बसा आणि वाहकाला ‘लेणी फाटा’ म्हणून सांगा. फाट्यावर खासगी गाड्यांनाही थांबावे लागते आणि तेथून लेण्यांपर्यंतचे सुमारे 4 किलोमीटर सर्वांनाच एसटीच्या बसने जावे लागते. म्हणजे दहा लाखांच्या मोटारीतून आलेला आणि लालपरीतून आलेला एकाच रांगेत. लेण्यांच्या सुरुवातीला पायऱ्यांची चढण आहे, ती सासूबाईंना थोडी जड जाईल. डोली मिळते, पण भाव आधी ठरवावा. पहिले लेणे चढण संपताच लागते आणि सर्वांत प्रसिद्ध चित्र, पद्मपाणी, त्यातच आहे. त्यामुळे त्यांनी पहिली दोन लेणी पाहून सावलीत बसले तरी अजिंठा घडला असे म्हणता येईल. चित्रे असलेल्या लेण्यांत पादत्राणे बाहेर काढावी लागतात, म्हणून नाडीचे बूट टाळा आणि मोजे जवळ ठेवा.

वेरूळ 30 किलोमीटरवर आहे. येथे एक गोष्ट स्थानिक माणूसच सांगेल. ही लेणी पश्चिमाभिमुख आहेत. सकाळी तेथे सावली असते आणि दुपारनंतर ऊन आत शिरते, तेव्हा कैलास लेण्याचा दगड उजळतो. म्हणून सकाळी वाटेवरच्या देवगिरी किल्ल्याच्या पायथ्याशी उतरा, माणशी 25 रुपयांच्या तिकिटात तटबंदी, चांद मिनार आणि मेंढा तोफ पाहा, अंधारी वाट मुलांना हवी असेल तर यजमानांनी घेऊन जावे, आणि दुपारी दुसरी बस पकडून वेरूळला पोहोचा. सासूबाईंच्या देवदर्शनाचेही तेथेच जमते, कारण घृष्णेश्वराचे ज्योतिर्लिंग लेण्यांपासून एक किलोमीटरच्या आत आहे.

लॉज बसस्थानक आणि रेल्वेस्थानक यांच्यामधल्या रस्त्यावर भरपूर आहेत. दोन खोल्या घेऊ नका. चार खाटांची एक मोठी खोली मागा आणि एक गादी जास्तीची घ्या. बोलणी करताना ‘तीन रात्री राहणार आहोत’ हे वाक्य पहिल्यांदा उच्चारा.

निवृत्त वाहक

रागावत नाही. रेल्वे स्वस्त आहे, हे कबूल. फाट्यावरून परतताना मात्र एक ध्यानात ठेवा की तेथे गाडी मधल्या वाटेवरून येते, त्यामुळे ती भरलेली असू शकते. चारच्या सुमारास फाट्यावर या. पाचनंतर सर्वच पर्यटक एकदम येतात आणि मग जागेचा प्रश्न पडतो.

पक्षीवेडी

ताईंनी बागेत जा म्हणू नका असे लिहिले आहे, तरी निफाडजवळचे नांदूरमध्यमेश्वर बाग नव्हे, म्हणून धीर करून लिहिते. सहलीतून दोन हजार उरले, तर डिसेंबरच्या एखाद्या रविवारी पहाटे तेथे जा. जानेवारी 2020 मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय ‘रामसर’ यादीत समाविष्ट झालेली ती महाराष्ट्रातील पहिली पाणथळ जागा आहे आणि हिवाळ्यात हजारो किलोमीटरवरून आलेले पक्षी तेथे उतरलेले असतात. घरून पोळी-भाजी न्यावी, दुर्बीण भाड्याने मिळाली तर घ्यावी आणि दुपारच्या जेवणाला घरी परतावे. लोक पक्षी पाहायला राजस्थानात जातात आणि नाशिककरांना आपल्याच जिल्ह्यात काय उतरले आहे, ते माहीत नसते. मला याचा फार राग येतो, पण तो विषय वेगळा.

नाशिककर सूनबाई (परतल्यानंतर)

काल रात्री परतलो. मदत घेतली आहे, तेव्हा हिशेब देणे माझे कर्तव्य आहे. एकूण खर्च 13,540 रुपये झाला.

त्यातील 5,100 रुपये खोलीचे. चार खाटांची खोली 1,500 रुपये रोज आणि वरच्या गादीचे 200. ‘तीन रात्री’ हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारले होते, त्यामुळे सुरुवातीला सांगितलेले 1,800 उतरले. गादीचे पैसे मात्र आधी विचारायचे राहिले आणि ते दुसऱ्या दिवशी कळले. पाचव्या माणसाचे काय घेणार, हे बोलणी चालू असतानाच विचारून घ्यावे, हा माझा स्वतःचा धडा. जाताना तपोवनमध्ये जागा मिळाली, तिकिटांना 500 रुपये लागले. येताना प्रतीक्षायादी हलली नाही म्हणून एसटीने आलो आणि त्याला 1,020 रुपये पडले. काका, तुमचे गणित अगदी बरोबर निघाले. यजमानांचे एकट्याचे तिकीट आम्हा दोन बायकांच्या तिकिटांइतके झाले आणि ते वाटभर त्याचाच उल्लेख करत होते.

अजिंठ्याच्या दिवसाला एसटी, फाट्यावरची बस आणि प्रवेश मिळून 1,490 रुपये, वेरूळ आणि देवगिरीला मिळून 505, मकबऱ्याला 75 आणि शहरातील रिक्षांना 700 लागले. रिक्षांचे पैसे मला सर्वांत जास्त टोचले. जेवणाचे 3,300 झाले. पहिल्या दिवसासाठी मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तिळाच्या वड्या नेल्या होत्या, त्यामुळे एक दिवस पूर्ण निभावला. अजिंठ्यालाही दशम्याच खाल्ल्या. उरलेले 850 रुपये मुलीच्या ओढणीचे आणि मुलाने हट्टाने घेतलेल्या, आत स्फटिक असलेल्या एका दगडाचे.

सासूबाईंनी डोली घेतली नाही. तिचा भाव ऐकला आणि त्या म्हणाल्या, ‘एवढ्यात माझी दोन महिन्यांची औषधे येतात.’ दर दहा पायऱ्यांनी थांबत त्या पहिल्या लेण्यापर्यंत आल्या. आत अंधार होता, डोळ्यांना काही दिसेना. पहारेकरी म्हणाला, ‘मावशी, दोन मिनिटे नुसत्या उभ्या राहा, मग दिसेल.’ त्या उभ्या राहिल्या. हळूहळू भिंतीवरचा चेहरा उमटला, हातातले कमळ उमटले आणि सासूबाई जे पाहत राहिल्या, त्या मागच्या लोकांनी पुढे सरका म्हणेपर्यंत हलल्या नाहीत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा खर्च मी त्या वर्षी सहलीच्या पैशांतून केला होता, याची मला त्या क्षणी आठवण झाली. मुलाने मात्र पद्मपाणीकडे फारसे लक्ष दिले नाही. त्याच लेण्यातील एका खांबावर चार हरणांना मिळून एकच डोके कोरलेले आहे. कोणत्याही हरणाकडे पाहिले, तरी ते डोके त्याचेच वाटते. त्याला ते सापडल्यानंतर तो येणाऱ्या-जाणाऱ्या अनोळखी लोकांना बोलावून दाखवत होता.

चूकही झाली. वाहककाकांनी चार वाजता फाट्यावर या म्हणून सांगितले होते. सव्विसाव्या लेण्यातील निजलेल्या बुद्धापाशी आम्ही रेंगाळलो आणि फाट्यावर यायला साडेपाच वाजले. दोन गाड्या भरलेल्या आल्या आणि न थांबता गेल्या. एका जीपवाल्याने शहरापर्यंत 2,500 रुपये सांगितले. मी पर्सला हात घातला होता, पण यजमान म्हणाले, ‘आणखी एक गाडी पाहू.’ तिसरी थांबली. सासूबाईंना आणि मुलाला जागा मिळाली, आम्ही तिघे सिल्लोडपर्यंत उभ्याने आलो. तेव्हा यजमानांना दुसऱ्या दिवशी सकाळी थोडी विश्रांती द्यावी लागली आणि आम्ही देवगिरीला नऊऐवजी अकराला पोहोचलो.

वेरूळला तीननंतर गेलो, ऊन आत आले होते. कैलास लेण्याच्या पायाशी हत्तींची रांग आहे, ती मुलाने मोजायला घेतली आणि प्रत्येक फेरीत आकडा वेगळा आला. दहाव्या लेण्यात, ज्याला तेथे सुतार की झोपडी म्हणतात, एका माणसाने नुसता ‘बुद्धं शरणं’ म्हणून सूर लावला, तर दगडी छताखाली तो कितीतरी वेळ फिरत राहिला. मुलगी एरवी मोबाइलमधून डोके वर काढत नाही, ती बाहेर येऊन म्हणाली, ‘आई, परत आत जाऊ या.’ आम्ही परत गेलो.

1,460 रुपये उरले आहेत. ते मी वेगळ्या पाकिटात ठेवले आणि पाकिटावर ‘तारकर्ली’ असे लिहिले. पक्षीवेडी ताई, निफाडच्या गाडीचे वेळापत्रक असल्यास कृपया कळवावे, त्यासाठी मी या पाकिटाला हात लावणार नाही, महिन्याच्या खर्चातून काढीन. आणि तारकर्लीच्या दादा, जानेवारी 2027 च्या उत्तरार्धातील सोमवार ते गुरुवार, माणसे पाच, खोली एक आणि गादी जास्तीची. तिचे पैसे किती, ते आधी सांगावे.

तारकर्लीचा यजमान

गादीचे पैसे नाहीत. बांगडा मात्र खावा लागेल.